पुणं राहू दे, आधी टेलिंग्ज बघ

पत्र

सर, मी पंचवीस वर्षांची. नागपूरला मेटलर्जीत बी.टेक. केलं आणि अडीच वर्षांपूर्वी ओडिशात बारबिलजवळ एका खासगी कंपनीच्या लोहखनिज बेनिफिसिएशन (खनिज दळून-धुऊन त्यातलं लोहाचं प्रमाण वाढवणाऱ्या) प्लांटवर रुजू झाले. माझ्याबरोबर लागलेले दोन्ही मुलगे आता शिफ्ट इनचार्ज आहेत. मला पहिल्या महिन्यापासून लॅबमध्ये बसवलंय. सॅम्पल येतात, रिपोर्ट जातात. शिफ्ट मागितली की साहेब म्हणतात, "मॅडम, तिथे धूळ, आवाज, कंत्राटी माणसं. तुम्ही इथेच बऱ्या." घरी भंडाऱ्याला आईबाबांना मी इतक्या लांब राहते हेच पसंत नाही. स्थळं येतात, ती 'खाणीवर नोकरी' ऐकून परत जातात. मावसभाऊ हिंजवडीत आहे, त्याच्या ओळखीने डेटा ॲनालिस्टची नोकरी होण्यासारखी आहे, पगारही थोडा जास्त. एकीकडे गेट देऊन एम.टेक. करावं असंही वाटतं. मिलिंगमध्ये खरंच करिअर असतं का, की मी उगाच अडकून पडले आहे?

— लॅबमधली, बारबिल

उत्तर

लॅबमधली, तुला 'तू' म्हणतो, राग मानू नकोस. आधी सरळ उत्तर, मग कारणं. हिंजवडीला आत्ता जाऊ नकोस. एम.टेक.ला यंदा बसू नकोस. अजून एक वर्ष बारबिललाच काढ, मात्र लॅबच्या खुर्चीत बसून नाही. त्यानंतर यातलं काहीही कर, मी आडवा येणार नाही.

करिअर असतं का, हे आधी घेऊ. खाणवाला खनिज काढतो, भट्टीवाला लोखंड ओततो, दोघांचं काम डोळ्यांना दिसतं. मधे दळण्या-धुण्यावर बसलेल्या आपल्या माणसाचं काम दिसतं ते फक्त हिशेबात. समज, तुमच्या प्लांटला ५८ टक्के लोहाचं फीड (कच्चं खनिज) येतं, कॉन्सन्ट्रेट (विकाऊ माल) ६३.५ टक्क्यांचं निघतं आणि टेलिंग्जमध्ये, म्हणजे बाहेर टाकलेल्या गाळात, ४४ टक्के जातं. फीडमधून टेलिंग्ज वजा, भागिले कॉन्सन्ट्रेटमधून टेलिंग्ज वजा, हे सूत्र तुला पाठ असणार. १४ भागिले १९.५, म्हणजे यील्ड, फीडमधून निघणारा विकाऊ माल, सुमारे ७२ टक्के. आता फीड तेच, कॉन्सन्ट्रेट तेच, फक्त टेलिंग्ज ४४ वरून ४२ वर आणून बघ. यील्ड ७४ च्या वर जातं. ताशी ५०० टनांच्या प्लांटला हा फरक तासाला तेरा टनांचा झाला. नवं यंत्र नाही, नवी खाण नाही, आणि चोवीस तासांत तीनशे टन विकाऊ माल जास्त. ते दोन टक्के कुठे जातात आणि कसे अडवायचे, हे ज्याला सांगता येतं त्याला या धंद्यात कुठेही खुर्ची मिळते. ज्याला येत नाही तो वीस वर्षांनीही शिफ्ट रजिस्टरच भरत असतो. असे पुष्कळ पाहिलेत.

आपल्या देशात तर या प्रश्नाला जास्तच धार आहे. भारतीय खाण ब्युरोने हेमॅटाइटसाठी (आपलं नेहमीचं लोहखनिज) ४५ टक्के लोह ही उंबरठ्याची पातळी ठरवून दिली आहे. त्याच्या वरचं खनिज टाकाऊ म्हणून फेकता येत नाही. आणि आपल्याच कितीतरी प्लांटांच्या तळ्यांत साठलेल्या गाळात लोह त्याच्या आसपास, कधी त्याहून जास्त निघतं. आपलं हेमॅटाइट लोहाला श्रीमंत असलं तरी त्यातलं ॲल्युमिना त्रास देतं. चिकणमातीच्या रूपाने ते बारीक कणांत दडून बसतं, भट्टीत गेलं की स्लॅग घट्ट होतो, कोक जास्त जळतो. म्हणून आपण धुतो. धुताना मातीबरोबर बारीक लोहही वाहून जातं. तुझ्या प्लांटचं सगळं दुखणं या दोन ओळींत आहे, आणि त्याचा रोजचा पुरावा तुझ्या टेबलावर डब्यांतून येऊन पडतो.

म्हणून लॅबला नावं ठेवू नकोस. तुला तिथे बसवण्यामागचा हेतू चुकीचा आहे, जागा चुकीची नाही. प्लांटवर जायचा तुझा रस्ता त्या डब्यांतूनच जातो. कसा, ते सांगतो.

रात्री तीन वाजताचं टेलिंग्जचं सॅम्पल कोण आणतं? तो माणूस पडणाऱ्या धारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कटर सारख्या वेगाने फिरवतो, की कडेला डबा बुडवून परत येतो? लाँडरमध्ये, म्हणजे माल वाहून नेणाऱ्या पन्हळीत, जाड कण तळाशी चालतात आणि बारीक वर. वरच्यावर भरलेला डबा तुला हमखास खोटं सांगणार. मग तू दोन दशांशांपर्यंत लोह काढलंस तरी ती अचूकता कशाची? आठ तासांत आठ सॅम्पल हवेत आणि कंत्राटी पोराने शिफ्ट संपताना एकाच ठिकाणचे आठ डबे भरून आणले, असंही होतं. आकडे एकमेकांना फार सुरेख जुळायला लागले की माझ्या मनात पहिली शंका हीच येते.

तेव्हा साहेबांकडे 'मला शिफ्ट द्या' म्हणून जाऊ नकोस. 'आपलं मेटल बॅलन्स, आलेल्या-गेलेल्या लोहाचा हिशेब, जुळत नाही, सॅम्पलिंग तपासायचं आहे, दोन आठवडे मी स्वतः पॉइंटवर उभी राहणार आहे' असं लेखी दे. लॅबच्या माणसाने सॅम्पल कसं घेतात ते बघायचं नाही, असं कुठलाही साहेब कागदावर लिहून देणार नाही.

पॉइंटवर पोचलीस की पुढचं काम असं. एका अख्ख्या शिफ्टचं टेलिंग्ज नीट गोळा कर आणि ओलं चाळ. १५० मायक्रॉन, ७५, ४५, या चाळण्या तुमच्याकडे असतीलच. प्रत्येक चाळणीवर किती वजन राहिलं, त्यात लोह किती, ॲल्युमिना किती, सिलिका किती, एवढाच तक्ता. ४५ च्या खालचा भाग बाहेर पाठवावा लागला तर पाठव. टेलिंग्जच्या पाइपांना फाटे असतील, म्हणजे स्लाइमचा (अगदी बारीक गाळाचा) ओव्हरफ्लो वेगळा आणि मॅग्नेटिक सेपरेटरचा रिजेक्ट वेगळा, तर दोन्ही वेगळे घे, मिसळू नकोस. हे एकदा करून भागत नाही. खाणीच्या वेगवेगळ्या बेंचचं (पायऱ्यांचं) खनिज चालू असताना चार-पाच वेळा कर.

मग बघ, एकाच ४४ टक्क्यांच्या पोटात दोन वेगवेगळे रोग निघतात. लोह १५० मायक्रॉनच्या वर अडकलं असेल तर कण नीट सुटे झालेले नाहीत, दळण कमी पडतंय, किंवा सायक्लोन, म्हणजे पाण्याच्या भोवऱ्याने जाड-बारीक वेगळं करणारं यंत्र, जाड माल वर फेकतोय. लोह ४५ च्या खूप खाली असेल तर उलट प्रकार. गरजेपेक्षा बारीक दळून आपणच गाळ तयार करतोय, वर त्यासाठी वीज जाळतोय. पहिल्या रोगाचं औषध दुसऱ्याला दिलं की तो बळावतो. अनेक प्लांटांत वर्षानुवर्षं हेच चाललेलं असतं, कारण रोजच्या रिपोर्टात टेलिंग्जचा एकच आकडा छापतात आणि कोणी चाळून बघत नाही. तू बघ.

दळणाचं थोडं जास्त लिहितो, कारण तुझ्या करिअरचा पाया तो आहे आणि कॉलेजात तो अर्ध्या तासात उरकतात. फ्रेड बाँडने १९५२ साली मांडलेलं सूत्र आजही मिलचं माप ठरवताना पहिलं वापरलं जातं: फीडचा आणि दळलेल्या मालाचा ८० टक्के आकार (ज्या आकाराखाली ८० टक्के माल येतो तो), आणि त्या खनिजाचा वर्क इंडेक्स, म्हणजे ते दळायला किती चिवट आहे. तुमच्या मिलवर या सूत्राने टनामागे विजेचे किती युनिट लागायला हवेत ते काढ आणि मीटर किती दाखवतो त्याच्याशी ताडून बघ. आकडे जुळले नाहीत तर का जुळले नाहीत यातच महिनाभराचा अभ्यास आहे. बॉल चार्ज (मिलमधले पोलादी गोळे) कमी झालाय का, लायनर (मिलचं आतलं अस्तर) झिजलेत का, सर्क्युलेटिंग लोड (पुन्हा दळायला परत येणारा माल) किती, स्लरीत पाणी किती.

आणि हे कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर पूर्ण कळत नाही. भरत चाललेली मिल बाहेरून ऐकली तर आवाज बसतो, बोदा होतो. रिकामी पडली की गोळे थेट लायनरवर आपटून खणखणतात. मिल प्रमाणाबाहेर भरली की ती खेचत असलेली वीज वाढायच्या ऐवजी कमी होते. नवखा इंजिनिअर कमी वीज पाहून खूष होतो, फीड वाढवतो, आणि अर्ध्या तासात मिल तोंडातून ओकायला लागते. ज्याने हा प्रकार एकदा जवळून पाहिला तो जन्मात विसरत नाही. सायक्लोनचंही तसंच. स्पिगॉटमधून, म्हणजे त्याच्या खालच्या तोंडातून, माल छत्रीसारखा पसरून पडायला हवा. दोरीसारखा सलग पडायला लागला की त्याला रोपिंग म्हणतात आणि जाड माल ओव्हरफ्लोला निघालेला असतो. मी गोव्यात होतो तेव्हा आमचा एक जुना ऑपरेटर अंडरफ्लोखाली बोटं धरायचा, अंगठ्यावर माल घासायचा आणि 'जाड चाललंय' म्हणायचा. लॅबचा आकडा दोन तासांनी तेच सांगायचा. तुमच्या प्लांटवरही असा एक माणूस असेल. बहुतेक तो कंत्राटी असेल आणि त्याला कोणी विचारत नसेल. त्याच्याशी आधी ओळख कर.

आता साहेब. 'मॅडम, तुम्ही इथेच बऱ्या' या वाक्यात काळजी असते तशीच सोयही असते. लॅबला शिकलेला, न कुरकुरणारा माणूस मिळालाय, तो त्यांना सोडायचा नाही. त्यांच्याशी भांडू नकोस, पण नियम माहीत करून घे. खाण कायद्याने पूर्वी स्त्रियांना संध्याकाळी सातनंतर खाणीवर कामाला बंदी होती. २०१९ च्या केंद्राच्या अधिसूचनेने जमिनीवरच्या कामात रात्रपाळीही खुली झाली. तिच्या अटी होत्या: बाईची लेखी संमती, सुरक्षिततेची सोय आणि एका पाळीत किमान तिघी. आता नव्या श्रमसंहिता आल्यात, तेव्हा सध्याचा नियम आणि कंपनीची कार्यपद्धती एचआरकडून लेखी मागून घे. प्लांटवर तू एकटीच मुलगी असशील तर रात्रपाळीवर अडून बसण्यात अर्थ नाही. सकाळची पाळी माग, सहा ते दोन, सलग सहा महिने. त्यात एकही अट आड येत नाही, आणि मेंटेनन्सचं शटडाउन, लायनर बदलणं, खाणीवाल्यांशी मीटिंग, सगळं त्याच वेळेत होतं. साहेब पुन्हा धुळीचं बोलले तर त्यांना शेजारी बोट दाखव. तुझ्यापासून जवळच, झारखंडच्या हद्दीत, नोआमुंडीला टाटा स्टीलच्या लोहखाणीत २०२४ च्या अखेरीस पूर्ण महिलांची एक पाळी सुरू झाली. डंपर, शॉव्हेल, सगळं बायकाच चालवतात. धूळ तिथेही लालच आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. प्लांटवर बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, कन्व्हेयरला गार्ड नाहीत, पुल-कॉर्ड (ओढली की पट्टा थांबवणारी दोरी) चालत नाही, वाहनाची सोय नाही किंवा कोणी त्रास देतंय आणि तक्रार समिती नुसती कागदावर आहे, असं काही असेल तर वर लिहिलेलं सगळं विसर आणि सरळ दुसरीकडे अर्ज कर. शिकण्यासाठी इतकी किंमत मोजायची नसते. आणि कानात प्लग न घालता मिलच्या फ्लोअरवर जायचं नाही. या धंद्यातले पन्नाशीचे लोक फोनवर ओरडून का बोलतात, तुझ्या लक्षात आलं असेलच.

हिंजवडीबद्दल. मावसभावाचा हेतू चांगला आहे. पण तिथे तू डेटा ॲनालिस्टांच्या रांगेत शेवटची उभी राहशील. तुझ्यापुढे कॉम्प्युटर शिकून आलेली मुलं असतील आणि तुझ्या अडीच वर्षांना तिथे कोणी विचारणार नाही. पायथॉन शिकायचंच असेल तर अवश्य शीक, संध्याकाळी वसाहतीत दुसरं करण्यासारखं तरी काय असतं. फक्त सरावाला इंटरनेटवरचा फुकटचा डेटा घेऊ नकोस. तुमच्या कंट्रोल सिस्टिममधून मिलची वीज, फीड, सायक्लोनचा दाब आणि घनता यांचे वर्षभराचे आकडे रीतसर परवानगीने माग आणि त्यावर हात बसव. मिल कळते आणि आकडेही हाताळता येतात अशी माणसं यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांना, ऑटोमेशनवाल्यांना हवीच असतात, आणि त्यांची ऑफिसं पुण्यातही आहेत, कोलकात्यातही. दोन वर्षांनी त्या दाराने पुण्यात शिरलीस तर रांगेत शेवटची नसशील.

एम.टेक. चांगलंच आहे, पण प्रश्न घेऊन जा. धनबादच्या आयआयटीत (जुनं आयएसएम) खनिज प्रक्रियेची परंपरा आहे, मुंबई आणि खरगपूर आहेत, तुझं नागपूरचं व्हीएनआयटी आहे. परदेशात क्वीन्सलंड विद्यापीठाचं जेकेएमआरसी हे केंद्र दळणाच्या संशोधनासाठी जगभर नावाजलेलं आहे, आणि ऑस्ट्रेलियातच कालगूर्लीला सोन्याच्या खाणींच्या कुशीत कर्टिन विद्यापीठाचं खाणकामाचं कॉलेज आहे. यातल्या कुठल्याही ठिकाणी मुलाखतीला 'मला मिनरल प्रोसेसिंगची आवड आहे' म्हणणारे शंभर येतात. 'आमच्या टेलिंग्जमधलं इतकं लोह ४५ मायक्रॉनच्या खाली आहे, हा माझा तक्ता, हे मला सोडवायचंय' म्हणणारी एखादीच असते. तोवर फुकटात मिळणारी विद्या घे: जमशेदपूरची राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळा आणि भुवनेश्वरची आयएमएमटी ही खनिज-धातूंची संशोधन संस्था, दोन्ही तुझ्या टप्प्यात आहेत. बारबिलची हावडा जनशताब्दी टाटानगरवरूनच जाते. तुमची कंपनी कधी ना कधी तिथे सॅम्पल पाठवतच असेल. पुढच्या वेळी सॅम्पलबरोबर तू जा.

पुढची नोकरी लोहाबाहेरची घे, हा माझा आग्रह समज. लोहखनिजात आपण बहुतेक वजनावर आणि चुंबकावर काम काढतो. तांबं, शिसं, जस्त इथे फ्लोटेशन, म्हणजे बुडबुड्यांना चिकटवून खनिज वर तरंगवणं, शिकायला मिळतं. झॅन्थेट, फ्रॉथर, चुना ही त्यातली रसायनं, कणाच्या पृष्ठभागाची रसायनविद्या, हे वेगळंच जग आहे, आणि ते ज्याला येतं त्याला राजस्थानपासून झांबियाच्या कॉपरबेल्टपर्यंत काम मिळतं. तुमच्या भंडाऱ्याला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडची तांब्याची खाण आणि तिचा कॉन्सन्ट्रेटर आहे, हे आईबाबांच्या कानावर घाल. तुमच्याच तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याला मॉइलच्या मँगनीजच्या खाणी आहेत. गडचिरोलीत सुरजागडचं लोहखनिज हेडरीला दळून पाइपलाइनने कोनसरीला न्यायचं काम उभं राहिलंय. खाणीवर नोकरी म्हणजे मुलगी काळ्या पाण्यावर गेली, असं विदर्भातल्या माणसाने तरी म्हणू नये. केंद्राने जानेवारी २०२५ मध्ये क्रिटिकल मिनरलचं राष्ट्रीय मिशन मंजूर केलं. लिथियम असो की ग्रॅफाइट, खडकातून ते वेगळं करायला शेवटी आपलीच जमात लागणार.

पण एकाच धातूच्या, एकाच पट्ट्याच्या भरवशावर राहू नकोस, हे गोव्याने शिकवलंय. २०१२ साली तिथल्या लोहखाणी बंद झाल्या. मधे काही काळ सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर पुन्हा थंडावल्या. डिचोली, सांगे भागात ट्रकवाल्यांचे हाल झाले, ते सगळ्यांनी पाहिलं. प्लांटवरच्या इंजिनिअरांचं झालं ते असं: ज्यांना फक्त आपला प्लांट चालवता येत होता ते घरी बसले, आणि ज्यांना कुठल्याही खनिजाचा हिशेब मांडता येत होता ते ओडिशा, कर्नाटक, आफ्रिका असे पांगले. लोखंडाचा भाव पडला की खासगी कंपन्या आधी माणसं कमी करतात, तेव्हा सहा महिन्यांचा खर्च बँकेत वेगळा ठेव. वसाहतीत घरभाडं लागत नाही तोवर ते जमण्यासारखं आहे.

स्थळांचं काय लिहू? खाणीचं नाव ऐकून परत जातात ती स्थळं परत गेलेलीच बरी. एक व्यावहारिक गोष्ट तेवढी लक्षात ठेव: या धंद्यात पहिली आठ-दहा वर्षं गावं बदलतात, आणि नंतर कॉर्पोरेट ऑफिस, कन्सल्टन्सी, यंत्र कंपन्या अशी शहरातली दारं उघडतात. हे आईबाबांना आणि जो कोणी येईल त्याला आधीच सांगून टाक.

सॅम्पलिंगचं पत्र मेच्या पहिल्या आठवड्यात दे, म्हणजे पाऊस पडायच्या आत तुझे कोरड्या दिवसांचे तक्ते हातात असतील. जूनमध्ये बारबिलचं खनिज चिकट होतं. शूट (माल खाली सोडणाऱ्या घसरगुंड्या) चोक होतात, स्क्रीन भरतात, फीडमधलं ॲल्युमिना चढतं आणि टेलिंग्जचा आकडा रोज वेगळा येतो. वर्षभरात शिकायला मिळत नाही ते त्या तीन महिन्यांत मिळतं, आणि त्या दिवसांत पाळीवर एक जास्तीचं माणूस कोणत्याही साहेबाला हवंच असतं. पहिले तक्ते तयार झाले की मला पाठव. ४५ मायक्रॉनच्या खालचा आकडा मला आधी बघायचाय.